गोव्यात जमिनीचा तुकडा सर्वे प्लॅनवर वेगळा कसा करायचा: कुठल्या क्रमाने, आणि लोक कुठं अडकतात

सेल डीड झालं, स्टॅम्प ड्युटी भरली, म्युटेशन झालं, एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, आपलं नाव पण आलं. आता जमीन आपली झाली म्हणून लोक फाइल कपाटात ठेवून देतात. मग काही वर्षांनी घराचं लायसन काढायला किंवा बँकेत लोनसाठी गेलं की कळतं की सरकारी नकाशावर आपला प्लॉट नाहीच. तिथं अजून जुनाच मोठा सर्वे नंबर आहे, त्यात भाटकाराची म्हणजे मूळ जमीनमालकाकडची सात-आठ नावं, आणि त्याच रांगेत खाली आपलं एक.

हीच चूक सगळ्यात जास्त होते म्हणून आधीच सांगतो. म्युटेशन म्हणजे नावाची नोंद, पार्टिशन म्हणजे नकाशावर रेघ. नाव चढलं म्हणजे रेघ मारली असं होत नाही. डीडला जोडलेल्या प्लॅनवर तुम्ही "प्लॉट नंबर ५" लिहिलं तरी तो नंबर त्या डीडपुरताच, डीएसएलआरच्या म्हणजे सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्स खात्याच्या नकाशाला त्याचा पत्ताच नसतो. त्या नकाशावर नवीन सब-डिव्हिजन नंबर पडेपर्यंत काम अर्धंच आहे.

खाली सगळे टप्पे क्रमाने दिलेत. क्रम मोडू नका, बहुतेक फायली क्रम चुकल्यामुळेच लटकतात.

टप्पा १: कागद गोळा करा आणि नीट वाचा

गावातल्या जमिनीला दोन मुख्य कागद: सर्वे प्लॅन आणि फॉर्म वन अँड फोर्टीन, म्हणजे आपला एक-चौदाचा उतारा. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरांत सिटी सर्वे आहे, तिथं सर्वे नंबरच्या जागी पीटी शीट नंबर आणि चलता नंबर असतो आणि एक-चौदाच्या जागी फॉर्म डी. तुमची जागा यातल्या कशात येते ते पहिलं बघा, कारण शहराच्या कडेला असलेल्या जागांत लोक एका रेकॉर्डचा नंबर दुसऱ्या ऑफिसात घेऊन फिरत बसतात.

नंबर कसा वाचायचा: ४५/३ म्हणजे सर्वे नंबर ४५, त्यातला सब-डिव्हिजन ३. ४५/० म्हणजे त्या नंबराचे भाग पडलेलेच नाहीत. ४५/३-ए दिसला तर मूळ ४५/३ मधून नंतर कधीतरी तुकडा वेगळा झालाय. आणि सर्वे नंबर फक्त त्या गावापुरता असतो, ४५/३ पेडण्यातल्या गावात पण असेल आणि सासष्टीतल्या गावात पण, म्हणून तालुका आणि गाव लिहिल्याशिवाय नुसता नंबर कुठंही देऊ नका.

एक-चौदावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ०.१८.५० म्हणजे १८ आर ५० चौरस मीटर, म्हणजे १८५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक हेक्टर म्हणजे १०,०००. हे साधं वाटतं पण डीडमध्ये एक शून्य इकडचं तिकडं झालं की ते दुरुस्त करायला परत सगळ्यांच्या सह्या घेत फिरावं लागतं.

जमिनीचा प्रकार पण तिथंच असतो: जिरायत, बागायत, राइस (भातशेत), खाजन, केर, मोरड (हे भातजमिनीचेच स्थानिक प्रकार), आणि खाली पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, अ आणि ब. पोटखराबा ब कडे नीट बघा. रस्ता, वाट, व्हाळ (ओढा) अशा सार्वजनिक वापराखालची जागा त्यात येते आणि ग्रँड टोटलमध्ये ती पण धरलेली असते. एकूण २००० लिहिलंय म्हणून २००० चे प्लॉट पाडायला गेलात तर त्यातला वाटेचा भाग कुणाच्या माथ्यावर मारणार?

रकान्यात राइस लिहिलेलं असेल तर आणखी थांबा. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आहे. तिथं प्लॉटची बोलणीच करू नका, टोकन देणं तर दूरच.

मग कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे रकाने. कुळाचं नाव असेल किंवा मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर भाटकाराने "जागा मोकळी आहे" म्हटल्याने ती मोकळी होत नाही. मुंडकाराच्या कायद्यात घराबरोबर आजूबाजूची जागा पण येते, त्यामुळं मुंडकाराचा भाग आधी ठरवा आणि उरलेल्या जागेचं गणित मग मांडा.

> तपासा: सर्वे प्लॅन, एक-चौदा आणि मूळ मालकीचा कागद, या तिन्हींवर गाव, नंबर आणि क्षेत्र जुळतं का? एक जरी जुळत नसेल तर पुढं जाऊ नका.

जुन्या मालमत्तेला पोर्तुगीज काळातली डिस्क्रिसांव (मालमत्तेच्या वर्णनाची नोंद), इन्स्क्रिसांव (मालकाच्या नावाची नोंद) आणि मात्रिजचे (कराच्या नोंदीचे) कागद असतात, कम्युनिदादच्या म्हणजे गावसंस्थेच्या जागेला जुना कॅडस्ट्रल प्लॅन असू शकतो. तो जुना नंबर म्हणजे आजचा सर्वे नंबर नव्हे. जुनी हद्द आजच्या कुठल्या कुठल्या सर्वे नंबरांत पसरलीय ते दोन्ही नकाशे एकावर एक ठेवूनच कळतं. हे काम जाणत्या सर्वेयरकडून आणि वकिलाकडून करून घ्या, अंदाजाने करू नका.

टप्पा २: नकाशा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सर्वे प्लॅनवरची रेघ म्हणजे मोजणीच्या वेळी ठरलेली हद्द. मालकी त्या रेघेतून जन्माला येत नाही, ती डीड, वारसा, कोर्टाचा हुकूम यांतून येते. १९६८ च्या गोवा लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम १०५ प्रमाणे रेकॉर्डमधली नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. म्हणून "एक-चौदावर नाव आहे, मग झालं" असं म्हणणाऱ्याला मूळ कागद मागायचेच, मग तो जवळचा नातेवाईक का असेना.

आता स्केल. गावातल्या प्लॅनवर बहुतेक करून १:१००० असतं, शहरात १:५००, पण धरून चालू नका, प्लॅनवर छापलेलं असतं ते वाचा. १:१००० वर नकाशातला १ मिलिमीटर म्हणजे जागेवर १ मीटर. १:५०० वर तोच मिलिमीटर अर्धा मीटर. म्हणजे साध्या पेनाची जाडशी रेघच जमिनीवर अर्धा-एक मीटर खाते. कंपाउंड वॉल एका फुटाने आत की बाहेर हे भांडण नकाशावर पट्टी ठेवून कधीच सुटत नाही, त्याला जागेवरची मोजणीच लागते.

लोक अजून एक करतात, म्हणजे वेबसाइटवरून नकाशा काढायचा, ए-फोरवर प्रिंट मारायची आणि त्यावर मोजायचं. प्रिंटरने पानात बसवायला नकाशा लहान केलेला असतो, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर आणखीच वेगळा, आणि कागदावर छापलेलं १:१००० मात्र तसंच राहतं. ऑनलाइन नकाशा बघायला, शेजारचे नंबर ओळखायला चांगला आहे. मोजायला आणि फाइलला जोडायला खात्याकडची सर्टिफाइड कॉपी घ्या.

> सावधान: मोबाइलच्या मॅपवर सर्वेची रेघ सॅटेलाइट फोटोवर बसवून दाखवतात, ती काही मीटर सरकलेली असू शकते. त्या फोटोवरून गडगा (दगडी कुंपण) घालू नका.

टप्पा ३: जागेवर जाऊन हद्द बघा

पावसाळ्यात जाऊ नका, रान इतकं वाढलेलं असतं की हद्दीचा दगड काय, माणूस दिसत नाही. पाऊस सरल्यावर झाडी साफ करून घ्या आणि प्लॅन हातात धरून चारी बाजू चाला. जुने दगड, गडगे, बांध, व्हाळ, वाट, सगळं प्लॅनशी लावून बघा. नवीन तारेच्या कुंपणावर विश्वास ठेवू नका, ते कुणी कुठं घातलंय ते घालणाऱ्यालाच माहीत.

शेजारी काय म्हणतो ते आत्ताच ऐकून घ्या. पुढं नोटीस गेल्यावर तो ऑब्जेक्शन घेणार असेल तर ते आज कळलेलं बरं.

हद्दीवरच वाद असेल किंवा दगड सापडत नसतील तर आधी डिमार्केशनसाठी अर्ज करा, म्हणजे खात्याचा सर्वेयर शेजाऱ्यांना नोटीस देऊन सर्वे नंबराची बाहेरची हद्द जागेवर दाखवतो. बाहेरची हद्द पक्की नसताना आतले तुकडे पाडायला गेलं की सगळ्यात कडेच्या प्लॉटवाल्याचं नुकसान ठरलेलं.

टेपने मोजताना उताराचं भान ठेवा. नकाशातलं अंतर हे आडवं अंतर असतं, डोंगराच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजलं की जास्त भरतं. २० अंशाच्या उतारावर टेपवर ३० मीटर आलं तर नकाशाचे साधारण २८.२ मीटरच होतात. काजूच्या भाटांत म्हणजे बागांत प्लॉट पाडताना हा घोळ हमखास होतो आणि मग मोजणीला आलेल्या सर्वेयरने जागा कमी केली म्हणून लोक त्याच्यावर उखडतात.

टप्पा ४: सगळे हक्कदार एका कागदावर आणा

गोव्यात इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथंच लोकांना सगळ्यात जास्त घाई असते.

एक-चौदावर आजोबांचं नाव आहे, ते वारून बरीच वर्षं झाली. पार्टिशनची नोटीस त्यांच्या नावाने निघणार, ती घेणार कोण? फाइल तिथंच थांबते. म्हणून आधी वारसा लावून घ्या, सगळे राजी असतील तर स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते नोंदवणारा दस्त), वाटपावर एकमत नसेल किंवा कायद्याने गरज असेल तर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे कोर्टातून वारसांत वाटप. २०१२ चा सक्सेशनचा कायदा याच कामाचा आहे. त्यानंतर वारसांच्या नावाने म्युटेशन, आणि मगच पार्टिशन.

दुसरं, नवरा-बायको. आपल्याकडच्या सिव्हिल कोडप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा असतो. एक-चौदावर एकट्या भावाचं नाव असलं तरी वहिनीची सही लागते. बहिणीची लागते आणि तिच्या नवऱ्याची पण. "तिला हुंडा-दागिने दिले, तिचा काही हक्क नाही" असं म्हणून बहिणींना गाळलेली डीडं पुढं कोर्टात जाऊन पडतात, आणि खरं सांगायचं तर पडायलाच पाहिजेत.

परदेशात असलेल्यांची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी लागेल. लिस्बनला असो, लंडनला असो की दुबईला, तिथं बसलेल्याची आणि त्याच्या जोडीदाराची, दोघांचीही. त्यात सर्वे नंबर, गाव आणि "विकणे, पार्टिशन करणे, प्लॅनवर सही करणे" हे अधिकार स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या "सर्व व्यवहार" अशा मोघम कागदावर ऑफिसात हरकत निघते.

> इथं थांबा: मालकीवरच वाद असेल तर महसूल खातं रेघ मारून देणार नाही. तो प्रश्न सिव्हिल कोर्टाचा. आधी तो सोडवा, फी आणि वेळ दोन्ही वाचतील.

टप्पा ५: तुकड्याचा प्लॅन काढा

चांगला सर्वेयर घ्या, टोटल स्टेशनने, म्हणजे मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजणारा. मग त्याच्या प्लॅनवर एवढं आहे का बघा: उत्तर दिशा, स्केल, प्रत्येक बाजूचं माप, कर्णाचं माप, चारी बाजूंचे शेजारचे नंबर, येण्याजाण्याची वाट, आणि निदान दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर, म्हणजे जुना हद्दीचा दगड किंवा सर्वे नंबराचा कोपरा. शेवटचं नसलं तर प्लॉटचा आकार कळतो पण तो मोठ्या नंबरात नक्की कुठं बसतो ते कळत नाही, आणि वीस वर्षांनी तोच प्लॉट दोघांना दोन ठिकाणी दिसतो.

कर्ण का? समजा बाजू २० आणि २५ मीटर लिहिल्यात, म्हणून तुम्ही ५०० चौरस मीटर धरले. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण ३२ मीटर यायला पाहिजे. जागेवर तो २८ मीटर आला तर प्लॉट कललेला आहे, आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तर क्षेत्र साधारण ४८५ भरतं. चार बाजू दिल्या म्हणजे आकार ठरला असं नसतं, कर्णानेच ठरतो.

मग बेरीज करा: विकायचा भाग + बाकीचे भाग + रस्ता = एक-चौदावरचं एकूण क्षेत्र. जागेवर क्षेत्र कमी भरत असेल तर ती तूट कुणाच्या वाट्याला जाते ते डीडमध्ये लिहून ठरवा. "सर्वे प्लॅनप्रमाणे जेवढी भरेल तेवढी" असलं वाक्य खरेदीदाराने मान्य करू नये.

रस्ता प्लॅनवर दाखवलाय पण तो कुणाच्या मालकीचा, कुणाला वापरायचा हक्क, हे पण लिहून घ्या. मागच्या प्लॉटवाल्याचं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यावर असतं.

टप्पा ६: टीसीपीची एनओसी, मग डीड

मोठ्या नंबरातला तुकडा विकत असाल तर डीड रजिस्टर करण्याआधी १९७४ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या कलम ४९(६) ची एनओसी लागते. पीडीएच्या (शहर नियोजन प्राधिकरणाच्या) हद्दीत पीडीएकडून, बाकी ठिकाणी तालुक्याच्या टीसीपी ऑफिसातून. त्याच फेरीत झोनिंग सर्टिफिकेट पण घ्या. जागा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या भागात, नसेल तर नुसता तुकडा वेगळा करून घर बांधता येणार नाही, आणि झोन बरोबर असला तरी जमिनीचा वापर बदलायला लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम ३२ ची सनद (परवानगी) वेगळी लागते. पार्टिशन, झोन आणि सनद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

एनओसीचा कटकटीचा रस्ता टाळायला काही जण "अनडिव्हायडेड शेअर" म्हणून डीड करतात आणि तोंडाने सांगतात की हा कोपरा तुझा. कागदावर तुम्हाला कोपरा मिळालेलाच नसतो, अख्ख्या नंबरात टक्का मिळालेला असतो. उद्या तोच कोपरा दुसऱ्यालाही दाखवला तर तुमच्या हातात काय? घर बांधायला घेत असाल तर असं डीड करू नका.

डीड करताना एनओसीला लागलेला प्लॅन आणि डीडला लागलेला प्लॅन एकच हवा, त्यावर तुमचा भाग रंगवलेला किंवा हॅच केलेला (तिरक्या रेघांनी भरलेला) आणि दोन्ही पार्ट्यांच्या सह्या. डीडच्या शेड्यूलमधल्या चतुःसीमा प्लॅनवरून उतरवा, जुन्या डीडवरून कॉपी-पेस्ट नको. जुन्या डीडमध्ये "पूर्वेला अमक्याचं भाट" असतं, तो अमका आणि ते भाट दोन्ही कधीचे बदललेले असतात.

टप्पा ७: म्युटेशन

डीडची कॉपी लावून अर्ज करा, नोटीस निघते, कुणाची हरकत नसेल तर नाव लागतं. यात फार काही नाही. फक्त नावाचं स्पेलिंग आणि नवरा-बायको दोघांचीही नावं आलीत का ते बघा, आणि परत सांगतो, इथं थांबू नका.

टप्पा ८: पार्टिशनचा अर्ज

लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम ६१ खाली हा अर्ज जातो. वर्षानुवर्षं तो डेप्युटी कलेक्टरकडे द्यायचा आणि मोजणी तालुक्याच्या सर्वे ऑफिसाने, म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ सर्वेने करायची अशी पद्धत आहे, पण असले अधिकार सरकार अधिसूचना काढून बदलत असतं, म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते देण्याच्या दिवशी तालुक्यात विचारून घ्या.

सोबत ताजा एक-चौदा, सर्टिफाइड सर्वे प्लॅन, डीड, एनओसी, प्रस्तावित तुकड्याचा प्लॅन, आणि त्या नंबरातल्या प्रत्येक कब्जेदाराचा, कुळाचा, इतर हक्कवाल्याचा पूर्ण पत्ता. पत्ते हेच खरं काम. "रा. बार्देश" असा पत्ता दिला की नोटीस परत येते, तारीख पडते, परत नोटीस, परत तारीख.

सगळ्यांची लेखी ना-हरकत आधीच घेतलेली असेल तर फाइल बरीच लवकर हलते.

टप्पा ९: मोजणीचा दिवस

जाग्यावर स्वतः हजर राहा. झाडी आदल्या दिवशी मारून ठेवा, हद्दीचे दगड आणि ते पुरायला माणूस तयार ठेवा. सर्वेयरने जिथं खूण केली तिथंच, त्याच दिवशी दगड घाला, "रविवारी येऊन घालू" म्हटलं की खूण गेली.

पंचनामा वाचून मगच सही. त्यातली मापं तुमच्या प्लॅनशी ताडून बघा, फरक असेल तर तिथंच बोला आणि लेखी द्या. ऑर्डर झाल्यावर तोच फरक दुरुस्त करणं म्हणजे अपील.

> तपासा: वाट जागेवर मोजली का? नुसता प्लॉट मोजून वाट राहिली तर नवीन नकाशात तुमचा तुकडा चारी बाजूंनी बंद दिसेल.

टप्पा १०: ऑर्डर आली, आता कागदावर उमटली का बघा

ऑर्डर हातात आली म्हणजे नकाशा बदलला असं नाही, ती रेकॉर्डमध्ये चढावी लागते. काही दिवसांनी नवीन एक-चौदा आणि नवीन सर्वे प्लॅन, दोन्ही काढा, आणि फक्त तुमचे नाही, मूळ नंबराचे पण. मग एवढं बघा:

- तुमच्या भागाला नवीन सब-डिव्हिजन नंबर पडला का, आणि तोच नकाशावर आणि उताऱ्यावर दोन्हीकडे आहे का
- तुमच्या नंबरावरून भाटकाराची जुनी नावं गेली का
- मूळ नंबरातून तुमचं नाव आणि तेवढं क्षेत्र कमी झालं का
- नवीन आणि उरलेला, दोन्ही क्षेत्रांची बेरीज पहिल्याइतकीच येते का
- वाटेची, कुळाची किंवा इतर हक्काची नोंद योग्य त्या भागावर गेली का, हरवली तर नाही ना, किंवा तुमच्यावर चुकून चढली तर नाही ना

मूळ नंबराचा उतारा लोक काढतच नाहीत. त्यात तुमचं नाव राहिलं तर पुढं भाटकाराने दुसरा प्लॉट विकताना तुम्हाला नोटीस येत राहील, आणि क्षेत्र कमी झालं नसेल तर जी जमीन उरलेलीच नाही ती पण कागदावर विकायला शिल्लक दिसेल. चूक सापडली तर ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी लावून लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि सनद किंवा लायसनचा अर्ज दुरुस्त झालेल्या नंबरावरच करा.